शास्ते, अध्याय अकरावा

शांतवन भिंगारदिवे तिशीला टेकला तरी शिकतच होता. पुण्याजवळच्या मांजरी गावात त्याच्या आईला, मुक्ताबाईला, कुणी विचारलं की थोरला काय करतो, तर ती सांगायची, फादरचं शिकतो. विचारणारा मान डोलवायचा. पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं तरी उत्तर तेच. तोवर शेजारच्या पोराचा डिप्लोमा होऊन, नोकरी लागून, लग्न होऊन त्याचं पोरगं बालवाडीत जायला लागलेलं असायचं.

आता फादर व्हायला वेळ लागतो, हे खरंच आहे. दहावीनंतर धाकटी सेमिनरी, म्हणजे फादर घडवायची शाळा, मग कॉलेज, मग तत्त्वज्ञान, मग एखाद्या खेड्यातल्या चर्चमध्ये उमेदवारी आणि त्यानंतर ईश्वरज्ञानाची पदवी. डॉक्टर परवडला. पण शांतवनच्या बरोबरीचे सगळे केव्हाच फादर होऊन, आपापल्या चर्चचे कारभार बघत, पोटं सुटून बसले होते. यानं मात्र पदवी हातात पडल्या पडल्या बिशपस्वामींना गाठलं आणि म्हणाला, फादरपदाच्या दीक्षेआधी बायबलचा पदव्युत्तर अभ्यास करू द्या. बिशपस्वामी खूश झाले. नगरकडून मांजरीला आलेल्या शेतमजुराचा मुलगा आपणहून बायबलची मूळ हिब्रू भाषा शिकायचं म्हणतोय, याला नाही कोण म्हणणार? त्यांनी लगेच परवानगी दिली.

खरी गोष्ट अशी होती की शांतवनला फादर व्हायचंच नव्हतं.

मुलगी वगैरे काही भानगड नव्हती. असती तर सोपं झालं असतं, लोकांना निदान कारण कळलं असतं. देवावरची श्रद्धाही उडाली नव्हती. पण उमेदवारीच्या वर्षात त्याला कळून चुकलं होतं की हे काम आपलं नव्हे. मरणाऱ्याचा हात हातात घेऊन बसायची वेळ आली की त्याला घाम फुटायचा. चर्चच्या कंपाउंडची भांडणं, नव्या रिक्षांना आशीर्वाद, देणगीदारांचे रुसवेफुगवे, यात त्याचा जीव रमत नसे. रमायचा तो पुस्तकात. एक टेबल, बायबलचा जुना करार, जवळ शब्दकोश असला की त्याला दुसरं काही लागत नसे. एकूण काय, अभ्यास हे त्याचं प्रेमही होतं आणि लपायची जागाही. अभ्यास संपेपर्यंत दीक्षा नाही, म्हणून तो अभ्यास संपूच देत नव्हता.

मग सरळ सांगायचं की नको म्हणून. पण सांगणार कुणाला? आईला. तिथंच सगळं अडलं होतं.

शांतवन लहान असताना तापानं फणफणला होता. डॉक्टरांनी हात टेकले होते. मुक्ताबाईनं पोराला पदराखाली घेतलं, हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेत गर्दीतून वाट काढत वेदीपर्यंत गेली आणि बोलली, हा वाचला तर हा तुझा, याला फादर करीन. पोरगं वाचलं. तेव्हापासून तो देवाचा झाला. पाहुणेरावळे आले की ही गोष्ट निघायची. शांतू देवाचा म्हणून मटणातला चांगला तुकडा त्याला, आणि देवाचा म्हणून मारही नाही. धाकट्या ललितानं दोघांच्या वाटचा मार खाल्ला. दहावीचा निकाल लागायच्या आधीच घरात सेमिनरीत न्यायची ट्रंक येऊन पडली होती. बाप सोनबा ऊस संशोधन केंद्राच्या शेतावर कामाला. तो गप्प माणूस होता, बायकोच्या नवसात त्यानं कधी तोंड घातलं नाही, आणि पुढं तो गेलाही. या सगळ्यात कुणी कुणावर जबरदस्ती केली, असं म्हणायची सोय नव्हती. सगळे प्रेमानंच वागत होते, हीच तर पंचाईत होती.

पुण्यात नगर रोडवरच्या ज्या सेमिनरीत तो शिकत होता तिथं केरळची, तमिळनाडूची, झारखंडची, पार मिझोरामची मुलं होती. शिकवणं सगळं इंग्रजीत. वर्गात मराठी हा एकटा, म्हणजे पुण्यात राहून परका. भाजीवाल्याशी घासाघीस करायची असली की मात्र सगळ्यांना ब्रदर शांतवनची आठवण व्हायची. कंपाउंडच्या भिंतीबाहेर तेव्हा खराडीकडं काचेच्या इमारती उठायला लागल्या होत्या, पहाटेपर्यंत कॉल सेंटरच्या जीपगाड्या धावत होत्या, आणि भिंतीच्या आत ही मंडळी उजवीकडून डावीकडं वाचायची एक जुनीपुराणी भाषा घोकत होती. बाकीचे हिब्रूच्या नावानं बोटं मोडत. शांतवनला ती आवडायची. एकेका ओळीवर तो दुपार घालवायचा आणि जेवणाची घंटा झाली की चिडायचा.

ललिता त्याच खराडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला लागली होती. तिच्या जिभेला हाड नव्हतं. ती त्याला म्हणायची, दादा, आमच्या कंपनीत लोक फुकटचे टी-शर्ट जमवतात तशा तू डिग्र्या जमवतोयस. सगळं तिला ठाऊक होतं. एकदा शांतवननं काकुळतीला येऊन तिलाच गळ घातली, तू सांग ना आईला. ती म्हणाली, मी का? नवस काय माझा आहे? तुला नको असेल तर तू सांग, सिंपल आहे. तिला सिंपलच वाटायचं. रोज दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढून दाखवायचा तिला पगार मिळत होता.

पदव्युत्तरच्या दुसऱ्या वर्षी प्रबंध लिहावा लागतो. शांतवननं विषय घेतला तो बायबलमधल्या शास्ते नावाच्या पुस्तकातल्या अकराव्या अध्यायाचा. तिथं इफ्ताह नावाच्या सरदाराची गोष्ट आहे. लढाईला निघताना तो देवाला नवस बोलतो की जिंकून आलो तर माझ्या घराच्या दारातून जे पहिल्यांदा सामोरं येईल ते तुला बळी म्हणून अर्पण करीन. जिंकतो, घरी येतो, तर डफ वाजवत, नाचत सामोरी येते त्याची एकुलती एक पोर. बाप कपडे फाडतो आणि वर तिलाच म्हणतो, तू मला मातीत घातलंस. पोर म्हणते, तुम्ही देवाला शब्द दिलाय, तसं करा, फक्त मैत्रिणींबरोबर डोंगरात जाऊन रडायला मला दोन महिने द्या. दोन महिन्यांनी ती परत येते आणि बाप नवस फेडतो. पोरीचं नाव कुठं दिलेलं नाही. आणि देव या सगळ्यात एक अक्षर बोलत नाही.

त्याचे गाईड होते फादर कुजूर. झारखंडचे उरांव आदिवासी, कमी बोलणारे, शब्द मोजून टाकणारे. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, हाच उतारा का? शांतवन म्हणाला, यावर कुणी प्रवचन देत नाही म्हणून. फादर कुजूर बरं म्हणाले.

त्यांची कामाची एक पद्धत होती. उताऱ्याचा हिब्रू अभ्यास तर करायचाच, पण तोच उतारा साध्या माणसांबरोबरही वाचायचा. दोनदा मोठ्यानं वाचून दाखवायचा, बायबल मिटायचं आणि कुणा एकाला म्हणायचं, आता तुम्ही सांगा. सांगताना माणूस काय गाळतो आणि पदरचं काय घालतो, ते टेप करून टिपून ठेवायचं. त्यांचं म्हणणं होतं की मजकूर माणसाला कुठं बोचतो ते तिथंच कळतं. शांतवननं आपल्या मांजरीच्या बायका निवडल्या. म्हणजे त्याला निवडायला दुसरं कोण होतं? रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली की तो खराडीहून नदीवरच्या पुलावरून सायकल हाणत घरी यायचा, आणि दुपारी आईच्या घरात चटई टाकून बायका जमायच्या. त्यात भाजी विकणारी वेणूबाई होती, दोघी-तिघी शेतावर कामाला जाणाऱ्या होत्या, आणि घरची म्हणून मुक्ताबाई होतीच.

या उताऱ्याचा दिवस आला तेव्हा त्यानं दोनदा वाचून बायबल मिटलं. कोण सांगतं म्हणेपर्यंत मुक्ताबाईच पुढं सरसावली. गोष्ट सांगावी तर तिनंच, असा तिचा लौकिक होता. तिनं लढाई सांगितली, डफ सांगितला, बापानं कपडे फाडले ते सांगितलं. मग म्हणाली, बापानं पोरीला जवळ घेतलं आणि इचारलं, बाई, मी असं बोलून बसलोय, तुझं काय म्हणणं हाय? पोर म्हणाली, माझी ना न्हाई.

वेणूबाई तिथल्या तिथं म्हणाली, "असं कुठंय? त्यानं इचारलंच न्हाई."

मुक्ताबाई म्हणाली, इचारलं. वेणूबाई म्हणाली, न्हाई. वेणूबाईचा स्वभावच तसा, भाजीच्या भावात एक पैसा सोडायची नाही, तर इथं कशाला सोडेल. शेवटी बायबल उघडलं. मुक्ताबाईला मोठ्या टायपातलं वाचता यायचं. तिनं ओळीखाली बोट धरून पहिल्यापासून वाचलं, पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाली, माझ्या ध्यानात तसंच व्हतं. आणि चहा ठेवायला उठली. त्या चहात साखर घालायची राहिली. वेणूबाईनं तेही बोलून दाखवलं.

शांतवन खाली मान घालून टेपरेकॉर्डरशी चाळा करत बसला. आईकडं बघायची त्याची हिंमत झाली नाही. हाच उतारा आपण का उचलला, हे त्याला त्या क्षणापर्यंत स्वतःशीही कबूल करायचं नव्हतं. जे तोंडानं सांगता येत नव्हतं ते बायबलच्या आडून आईपुढं मांडून तो मोकळा झाला होता, आणि मांडून झाल्यावर त्याला स्वतःची लाज वाटली.

त्यानं टेपवरचं सगळं उतरवून फादर कुजूरांकडं नेलं. त्यांनी वाचता वाचता एका जागी बोट ठेवलं आणि विचारलं, ही भर घालणारी बाई कोण? शांतवननं सांगितलं, माझी आई. फादर कुजूरांनी कागद खाली ठेवले. म्हणाले, मग एक तर हे प्रकरण तू लिहायला नको, नाही तर हेच एवढं लिहायला हवं. शांतवननं ते लिहिलं, पण त्यात 'गटातील एक स्त्री' असा उल्लेख केला आणि पुढं गेला. प्रबंध मान्य झाला, गुणही चांगले पडले. तोंडी परीक्षेतून बाहेर पडल्यावर मित्रांनी उचलून घेतलं. याच्या डोक्यात एकच होतं, आता पुढं काय शिकायला मागायचं?

बिशपस्वामी काही दुधखुळे नव्हते. त्यांनी बोलावून घेतलं आणि सांगितलं, आता पुरे. डिसेंबरात डीकनची, म्हणजे फादरच्या आधीच्या पायरीची, दीक्षा घे, पुढच्या वर्षी फादर हो, आणि मग मी तुला स्वतः रोमला पाठवतो, बायबलची डॉक्टरेट करायला. शांतवन ऐकतच राहिला. ज्या संस्थेतल्या प्राध्यापकांची पुस्तकं उशाला घेऊन तो झोपत होता, तिथं जाऊन शिकायचं! आणि नाही म्हटलं तर सेमिनरीची खोली गेली, ग्रंथालय गेलं, फादर कुजूर गेले, सगळंच गेलं. तिशीत बाहेर पडलेल्या हिब्रूवाल्याला पुण्यात कोण विचारतो? ललिताच्या कंपनीत तर दारावरचा वॉचमनसुद्धा कॉम्प्युटर शिकत होता. तो हो म्हणाला. इंग्रजीतच म्हणाला. सेमिनरीत दरवर्षी वरिष्ठ समोर बसवून विचारत, ही वाट तू आपल्या मर्जीनं धरलीस ना? आणि दरवर्षी तो यस फादर म्हणून मोकळा व्हायचा. त्याला त्याची सवय झाली होती.

मांजरीत आनंदीआनंद झाला. गल्लीत मांडवाची बोलणी सुरू झाली, भगिनी मंडळानं नऊवारी एकसारखी घ्यायची ठरवली. मुक्ताबाई मात्र हवी तशी फुलली नाही. शांतवन जेवायला बसला की ती एकटक त्याच्याकडं बघत राहायची. एकदा तिनं विचारलं, ते रोमला काय शिकायचं असतं? तर हा पठ्ठ्या हात धुवायचे विसरून बोलत सुटला, तिकडची जुनी हस्तलिखितं, तिकडची ग्रंथालयं, काय काय. मग तिनं विचारलं, आणि दीक्षेला काय काय असतं? तो म्हणाला, असतं आपलं नेहमीचं. आणि हात धुवायला उठला.

दीक्षेआधी एक रीत असते. जसा लग्नाचा पुकारा होतो तसाच दीक्षेचाही होतो. उमेदवाराच्या घरच्या चर्चमध्ये लागोपाठ काही रविवार मिस्सेला त्याचं नाव वाचतात आणि सांगतात की याच्या दीक्षेला काही अडथळा कुणाला माहीत असेल तर त्यानं धर्मगुरूंना कळवावं, ते त्याचं कर्तव्य आहे. कळवत कुणीच नाही. लोकांना तो मुलाच्या कौतुकाचा भाग वाटतो.

मांजरीच्या रस्त्यावरच्या छोट्या चर्चमध्ये तिथल्या फादर बद्रीनाथांनी पुकारा वाचला. शांतवन शेवटच्या बाकावर बसला होता. माना मागं वळल्या, पोरं हसली, वेणूबाईनं लांबूनच हात केला. मिस्सा संपली, लोक बाहेर अंगणात आले आणि मुक्ताबाईला शोधायला लागले. ती बाहेर आलीच नव्हती. वेदीमागच्या खोलीत फादर आपले झगे उतरवून ठेवतात, तिकडं ती गेली होती. शांतवनला कसला तरी धाक वाटला आणि तो तिच्या मागं गेला. दारात पोचला तोवर आत तिचं बोलणं सुरू झालं होतं. ती सांगत होती, माझी हरकत हाय.

फादर बद्रीनाथ गळ्यातला पट्टा अर्धा काढून तसेच थांबले. मुलगा कुणाच्या पाठीमागं लागून कुठं लग्न करून तर बसला नाही, अशी पहिली शंका त्यांना आली. त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, कुठं लग्न वगैरे? ती म्हणाली, छ्या. कुणाला मारलंय, जखमी केलंय? न्हाई. बाप्तिस्म्यात काही घोळ? तुमच्याच खात्यानं दिलाय, ती म्हणाली. वेडबिड? शिकून शिकून लागेल तेवढंच. फादर बद्रीनाथांचे कायद्यातले सगळे अडथळे संपले. ते म्हणाले, मुक्ताबाई, मग हरकत कसली?

"मी त्याला इचारलंच न्हाई," मुक्ताबाई म्हणाली. "बोलून बसले आणि देऊन टाकला."

फादर बद्रीनाथ आधी हसले. असला अडथळा यादीत नाही म्हणाले. मग हसायचे थांबले. ते भले गृहस्थ होते, आणि कोणालाही कसल्याही दडपणानं दीक्षेकडं ढकलू नये हे वाक्य धर्माच्या कायद्यात आहे, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांचं लक्ष दारातल्या शांतवनकडं गेलं. त्यांनी तोंड उघडलं, तर मुक्ताबाईनं हात वर करून त्यांना थांबवलं.

"तुम्ही नका इचारू. मला इचारू द्या." ती वळली. "शांतू, तुला फादर व्हायचंय का?"

शांतवनच्या डोळ्यांपुढं रोम आलं. फादर कुजूर आले, ती खोली, ते टेबल आलं. यस फादर जिभेवर तयारच होतं. पण हा प्रश्न त्याला मराठीत, आईच्या तोंडून, आयुष्यात कधी कुणी विचारला नव्हता. त्याचं सरावाचं उत्तर इथं चालेना.

"नाही आई," तो म्हणाला.

मुक्ताबाई मटकन स्टुलावर बसली आणि रडायला लागली. लपवून नाही, तोंडाला पदर न लावता रडली. तिला किती लागलं होतं ते खोलीतल्या दोघांनाही दिसत होतं. जन्मभर जिच्या जोरावर ताठ चालली ती गोष्टच गेली होती. फादर बद्रीनाथांनी पाणी दिलं. शांतवनला वाटलं, शब्द मागं घ्यावा, आत्ता घेता येईल. तो तिच्याजवळ जाऊन उकिडवा बसला आणि आई म्हणाला, तर तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. मग पाणी प्याली, फादरांना म्हणाली, पुढल्या रविवारी नाव वाचू नका, आणि उठून बाहेर निघाली.

अंगणात बायका वाट बघत उभ्या होत्या. कुणीतरी पेढेसुद्धा आणून ठेवले होते. मुक्ताबाईनं डोळे पुसायचं नाटक केलं नाही. तिनं सरळ सांगून टाकलं, शांतू फादर होणार न्हाई, त्याला व्हायचं न्हाई, मी आत्ता इचारलं. पेढेवाली पेढ्यांकडं बघायला लागली.

वेणूबाई कुठली गप्प बसतेय. ती म्हणाली, "आणि नवस गं?"

शांतवन आईच्या मागं उभा होता. हा प्रश्न येणार हे त्याला लहानपणापासून माहीत होतं.

"नवस मी बोलले व्हते," मुक्ताबाई म्हणाली. "आता देवाला काय सांगायचं ते माझं मी सांगीन. पोराला मधी घालायचं न्हाई."